शरदातल्या सकाळी स्थलांतरित गाणाऱ्या पक्ष्यांची मोजणी : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

ऑक्टोबर लागला की पक्षीनिरीक्षकांच्या गटांत आकडे येऊ लागतात. ‘भोरड्या हजारो’, ‘धोबी भरपूर’, ‘वटवटे सात-आठ’. नोंद करणाऱ्याने पहाटे उठून कष्ट घेतलेले असतात यात शंका नाही. पण तो किती वेळ उभा होता, किती चालला, बरोबर कितीजण होते आणि तेच पक्षी दोनदा मोजले गेले का, यातले काहीच लिहिलेले नसल्यामुळे पुढच्या वर्षी त्या आकड्याशी काहीही ताडून पाहता येत नाही. अशी सकाळ ही भटकंती झाली, मोजणी नव्हे. भटकंतीत आनंद असतो आणि ती जरूर करावी, पण ती दुसऱ्या दिवशी. मोजणीच्या सकाळी एखादा दुर्मीळ पक्षी शेजारच्या शेतात उतरला तरी आपली जागा सोडायची नाही, हे ज्याला जमेल त्यानेच हे काम हाती घ्यावे.

पुढील पद्धत पुणे, अहिल्यानगर, सोलापूर आणि साताऱ्याचा पूर्व भाग अशा दख्खनच्या पठारी मुलखासाठी लिहिली आहे. गावतळे, त्याच्या कडेचे पाणकणीस, बाभळी, शेतांचे बांध आणि पलीकडे माळ, असे दृश्य डोळ्यांसमोर ठेवावे. कोकणात आणि गोव्यात झाडी दाट असल्याने नजर कमी अंतरापर्यंत पोचते. तिथे पद्धत हीच ठेवून मोजणीच्या वर्तुळाची (त्याविषयी पुढे येईलच) त्रिज्या कमी करावी.

‘गाणारे पक्षी’ या वर्गात भोरड्या आणि इतर मैना, धोबी, तिरचिमण्या, वटवटे, माशीमार, खाटीक, गप्पीदास, थिरथिरे, भारीट आणि भिंगऱ्या येतात. बदके, चिखलपक्षी, शिकारी पक्षी आणि वेडे राघू येत नाहीत. पाकोळ्याही येत नाहीत, कारण भिंगरीसारख्या उडत असल्या तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. ही चूक इतकी सर्रास होते की ती आरंभीच सांगून टाकलेली बरी.

१. मोजायचे काय ते आधी ठरवा

एका सकाळी दोन प्रकारची मोजणी होऊ शकते आणि त्या दोहोंचे नियम वेगळे आहेत.

पहिली मोजणी रातथाऱ्याची. भोरड्या बाभळीत किंवा पाणकणसात, आणि पिवळे धोबी पाणकणसात किंवा उसात, मोठ्या संख्येने रात्र काढतात व उजाडताना थव्याथव्याने बाहेर पडतात. इथे पक्षी हलतात आणि आपण स्थिर असतो.

दुसरी मोजणी ठरावीक ठिकाणांवरची. वटवटे, माशीमार, थिरथिरे यांसारखे बहुतेक लहान पक्षी रात्री प्रवास करतात आणि उजाडण्याच्या सुमारास झाडीत उतरतात. रात्रभर उडून आलेला पक्षी भुकेला असतो, त्यामुळे सकाळचे पहिले दोन-अडीच तास तो सतत किडे टिपत आणि आवाज देत राहतो. ऑक्टोबरचे ऊन चढले की तो गप्प होतो आणि पानांआड गेला की सापडत नाही.

यावरूनच क्रम ठरतो: आधी रातथारा, मग ठिकाणे. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण सूर्योदयानंतर थोड्याच वेळात रातथारा रिकामा झालेला असतो.

*खबरदारी:* दोन्ही मोजण्यांचे आकडे कधीही एकत्र करू नयेत. रातथाऱ्यावरून निघालेल्या भोरड्याच अर्ध्या तासाने तुमच्या तिसऱ्या ठिकाणावरच्या बाभळीवर बसलेल्या असतात.

२. आदल्या आठवड्यात : जागेची पाहणी

जागा दुपारी नव्हे, तर संध्याकाळी पाहावी. सूर्यास्ताच्या सुमारास तळ्याकाठी उभे राहिल्यावर रातथारा झाडांच्या किंवा पाणकणसाच्या नेमक्या कोणत्या बेटात, म्हणजे पुंजक्यात, आहे, थवे कोणत्या दिशेने येतात आणि उतरण्यापूर्वी कोणत्या झाडावर जमतात, हे सगळे दिसते. सकाळी ते साधारण त्याच दिशांनी बाहेर पडतात, त्यामुळे उभे राहायची जागा या पाहणीवरूनच ठरवावी. ती रातथाऱ्यापासून शंभर-दीडशे मीटर दूर, थोड्या उंचावर आणि पूर्वेकडे पाठ करून उभे राहता येईल अशी असावी. उगवतीकडे तोंड केले तर प्रत्येक पक्षी काळी आकृती होतो, आणि मैना व भोरडी यांतला फरक संपतो.

मग ठिकाणे आखावीत. एका माणसाला एका सकाळी पाच पुरेशी आहेत. दोन ठिकाणांत किमान अडीचशे मीटर अंतर असावे, म्हणजे एका ठिकाणचा पक्षी दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा मोजला जाण्याची शक्यता कमी होते. प्रत्येक ठिकाणाभोवती पन्नास मीटरचे वर्तुळ कल्पावे. डोळ्यांना अंतराचा अंदाज येत नाही आणि तो मला आजही येत नाही. म्हणून पाहणीच्या दिवशीच ठिकाणापासून चारही दिशांना पन्नास मीटर पावलांनी मोजावेत आणि तिथली एक खूण लिहून ठेवावी: ‘उत्तर – विहिरीचा कठडा, पूर्व – दुसरा खांब, दक्षिण – वाकडी बोर, पश्चिम – बांधाचे टोक’. मोजणीच्या सकाळी पक्षी वर्तुळाच्या आत की बाहेर, हा प्रश्न या चार खुणा सोडवतात.

ठिकाणे निवडताना होणारी चूक म्हणजे ‘जिथे पक्षी खूप दिसतात’ तीच पाचही ठिकाणे घेणे. तसे केल्यास संख्या फुगते आणि परिसराचे खरे चित्र हरवते. पाचांपैकी एक ठिकाण उघड्या माळावर आणि एक पिकाच्या बांधावर असलेच पाहिजे, मग तिथे पंधरा मिनिटांत एकच गप्पीदास दिसला तरी चालेल.

शेतमालकाला आधी भेटून सांगावे. पहाटेच्या अंधारात बांधावर दुर्बीण घेतलेला अनोळखी माणूस दिसला तर कोणीही हटकणारच. शिवाय मालकाकडून कामाची माहिती मिळते: पाणी कोणत्या दिवशी सोडणार, औषध कधी फवारणार, उशिराच्या बाजरीला राखण आहे का. गोफणीचा एक दगड सुटला की थवा उठतो आणि दहा मिनिटांचे काम वाया जाते, तेव्हा हे आधी कळलेले चांगले.

*खबरदारी:* जुन्नर, आंबेगाव, शिरूर अशा उसाच्या पट्ट्यात अंधारात उसाला खेटून एकट्याने उभे राहू नये; तिथे बिबट्याचा वावर आहे. रातथारा उसात असेल तर दोघांनी जावे आणि मोकळ्या रस्त्यावरून मोजावे. गवतात घोणस असते, म्हणून घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि विजेरी अनिवार्य आहे.

३. मोठा थवा मोजण्याचा सराव

ही पायरी जवळजवळ प्रत्येकजण टाळतो आणि पुढच्या सगळ्या चुका इथूनच निघतात.

एका ताटात ज्वारीची मूठ भिरकावावी. तीन सेकंद पाहावे, नजर वळवावी आणि अंदाज कागदावर लिहावा. मग दाणे एकेक करून मोजावेत. बहुतेकांचा अंदाज पहिल्या खेपेस खराच कमी भरतो, आणि दाणे जितके दाट पडलेले असतील तितका तो आणखी घसरतो. थव्याचेही असेच होते. मोठा, दाट थवा नवख्याला नेहमी आहे त्यापेक्षा लहान वाटतो.

उपाय सोपा आहे. ताटातल्या दाण्यांपैकी नेमके दहा बोटाने वेगळे करून त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरून घ्यावे. मग तोच दहाचा पुंजका मनाने उरलेल्या दाण्यांवर एकापुढे एक ठेवत जावे: दहा, वीस, तीस. पाच-सहा दिवस रोज दहा वेळा हे केले की हात बसतो. त्यानंतर पुंजका पन्नासाचा करावा. शंभराच्या पुंजक्याने मोजण्याचा मोह पहिल्या वर्षी आवरावा.

*पडताळा:* सरावाच्या शेवटच्या दिवशी दहापैकी आठ वेळा तुमचा अंदाज खऱ्या संख्येच्या वीस टक्के आत-बाहेर असेल, तर रातथाऱ्यावर उभे राहायला हरकत नाही. नसेल तर त्या आठवड्यात फक्त ठिकाणांवरची मोजणी करावी.

४. आदल्या रात्री

सामान थोडे लागते: आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण, घड्याळ, बोटाने दाबायचा आकडा-मोजक, पाणी, टोपी, विजेरी, आखलेले कागद आणि दोन पेन्सिली. पेन नको, शरदात दव इतके पडते की शाई पसरते आणि ‘१७’ चे ‘११’ होते. फोनवर ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदी भरण्याचे ॲप) वापरत असाल तर आपल्या भागाची यादी आधीच उतरवून घ्यावी, कारण माळावर अनेकदा नेटवर्क मिळत नाही.

कागदावर प्रत्येक ठिकाणासाठी एक मोठे वर्तुळ काढावे आणि त्यावर उत्तर दिशा दाखवावी. पक्ष्यांसाठी दोन अक्षरी खुणा ठरवाव्यात: ‘हिव’ म्हणजे हिरवट वटवट्या, ‘कधो’ म्हणजे करडा धोबी. खुणा मनात ठेवू नयेत, कागदाच्या मागे लिहाव्यात. दोन वर्षांनी तो कागद तुम्हालाही वाचता यायला हवा.

हवामानाकडे लक्ष द्यावे. रात्री पाऊस असेल किंवा सकाळी वारा इतका असेल की बाभळीच्या फांद्या सतत हलत असतील, तर मोजणी दुसऱ्या दिवशी करावी. पक्षी नसतात असे नाही, पण ते दिसत नाहीत आणि ऐकू येत नाहीत. मात्र ‘आज आकाश निरभ्र आहे, आज भरपूर मिळतील’ असे म्हणून दिवस बदलायचा नाही. चांगल्या दिवसांची निवड केली की वर्षाची तुलना बिघडते.

वेळ घड्याळावरून नव्हे, सूर्योदयावरून ठरवावी. ऑक्टोबरच्या मध्यावर पुण्यात सूर्य सुमारे साडेसहाला उगवतो, नागपुरात त्याच्या साधारण वीस मिनिटे आधी. विदर्भातील मित्राने पुण्याच्या वेळापत्रकाने सुरुवात केली तर त्याचा रातथारा अर्धा उडून गेलेला असेल.

५. रातथाऱ्यावरची मोजणी

सूर्योदयाच्या पंचेचाळीस मिनिटे आधी जागेवर असावे. पहिली दहा मिनिटे काहीही मोजू नये. विजेरी बंद करावी, डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि बेटातून येणारा कलकलाट ऐकावा. भोरड्यांचा रातथारा उडण्यापूर्वी एखाद्या बाजारासारखा गजबजतो, आणि तो गजबजाट अचानक थांबला की पुढच्या काही सेकंदांत पहिली लाट उठते. मला ही खूण तीन सकाळी वाया घालवल्यावर कळली.

सगळे पक्षी एकदम उठत नाहीत. लाटा येतात, मध्ये काही मिनिटे शांतता असते, मग पुन्हा लाट. म्हणून पाच-पाच मिनिटांचे रकाने आखावेत आणि प्रत्येक रकान्यात दोन खाने ठेवावेत: ‘बाहेर’ आणि ‘परत’. दुसरा खाना अनेकांच्या कागदावर नसतोच. थवा उठतो, तळ्यावर एक वळसा घेतो आणि त्यातला काही भाग पुन्हा पाणकणसात उतरतो. पाच मिनिटांनी तेच पक्षी दुसऱ्या लाटेबरोबर निघतात. परत आलेले वजा केले नाहीत तर संख्या सहज दीडपट होते.

समजा कागदावर असे आले आहे:

६:०५ ते ६:१० – बाहेर १४०, परत ०
६:१० ते ६:१५ – बाहेर ३८०, परत ११०
६:१५ ते ६:२० – बाहेर २६०, परत २०
६:२० ते ६:२५ – बाहेर ७०, परत ०

बाहेर पडलेल्यांची बेरीज ८५० होते, परतलेल्यांची १३०. नोंदवायचा आकडा ७२० आहे. ‘सुमारे हजार’ असे लिहिण्याची सवय मोडावी. ७२० ही बेरीज कशी आली ते कागद सांगतो, हजार कुठून आले ते कोणीच सांगू शकत नाही.

मोजताना थव्यामागे दुर्बीण फिरवू नये. आकाशात एक काल्पनिक उभी रेघ धरावी, उदाहरणार्थ एकट्या चिंचेपासून वर, आणि ती रेघ ओलांडणारे पक्षीच मोजावेत. दोघे असाल तर दोन रेघा, दोन दिशा, आणि मोजणी संपेपर्यंत एकमेकांशी एक शब्दही नाही. ‘तुझे किती झाले?’ हा प्रश्न ऐकला की दोघांचे आकडे नकळत जुळू लागतात, आणि मग दोघे असण्याचा उपयोग उरत नाही.

थवा खूपच मोठा असेल तर छायाचित्र घ्यावे आणि घरी मोठे करून मोजावे, पण जागेवरचा अंदाज आधी लिहून मगच. त्यामुळे तुमचा अंदाज किती चुकतो हे तुम्हालाच कळत जाते.

भोरड्यांच्या ओळखीत शरदात एक खास अडचण असते. जुलै-ऑगस्टपासून आलेले प्रौढ पक्षी काळे-गुलाबी असतात, पण त्यानंतर येणारी पिल्ले मातकट तपकिरी असतात, चोच पिवळसर आणि गुलाबीचा मागमूस नाही. त्यांना पाहून ‘वेगळीच मैना’ म्हणून नोंद केली जाते. थव्यातील मातकट पक्षी वेगळे मोजता आले तर उत्तम. नाही जमले तर ते भोरड्यांतच धरावेत.

*पडताळा:* सूर्योदयानंतर दहा मिनिटांत सलग एक पूर्ण रकाना रिकामा गेला तर मोजणी थांबवावी, वेळ लिहावी आणि बेरीज जागेवरच करावी. घरी जाऊन बेरीज करणाऱ्याला एखादी ‘५’ नेहमी ‘८’ दिसते.

६. ठिकाणांवरची मोजणी

पहिल्या ठिकाणी पोचल्यावर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे, कारण तुमच्या चालण्याने दबकलेले पक्षी पुन्हा हलू लागायला तेवढा वेळ लागतो. मग घड्याळ लावून नेमकी पंधरा मिनिटे मोजावे. दहा मिनिटांची पद्धतही चालते. फक्त एकदा जे ठरवाल ते सगळ्या ठिकाणी आणि सगळ्या वर्षी तेच ठेवावे.

इथली मुख्य अडचण एकच आहे: तोच पक्षी दोनदा मोजणे. हिरवट वटवट्या हे तिचे उत्तम उदाहरण. बोटाएवढा हिरवा-करडा पक्षी, भुवईसारखी फिकी रेघ, पंखावर एक बारीक पांढरी पट्टी. एका फांदीवर दोन सेकंद ठरत नाही. आंब्याच्या डाव्या बाजूला ‘चिस्-ली’ असा दुहेरी आवाज येतो, मिनिटाने उजवीकडे तसाच, मग मागे. नवखा माणूस तीन लिहितो. सुरुवातीच्या एका वर्षी एका आंब्याभोवती फिरत मी सात लिहिले होते. दुसऱ्या आठवड्यात त्याच झाडाखाली न हलता उभा राहिलो तेव्हा पंधरा मिनिटांत दोनच निघाले. पहिल्या सकाळी तिथे खरोखर किती होते, ते आता कोणीच सांगू शकणार नाही.

म्हणून नियम असा. कागदावरील वर्तुळात पक्षी जिथे दिसला किंवा ऐकू आला तिथे खूण करावी आणि शेजारी मिनिट लिहावे. त्याच जातीची दुसरी खूण ‘नवा पक्षी’ म्हणून तेव्हाच धरावी, जेव्हा दोन्ही पक्षी एकाच वेळी दिसले किंवा ऐकू आले, अथवा पहिला अजून दिसत असताना दुसरा विरुद्ध बाजूने बोलला. पक्षी एका जागेवरून दुसरीकडे गेलेला दिसला तर दोन खुणांमध्ये बाण काढावा. पंधरा मिनिटांनी खुणा अकरा असतील आणि पक्षी चार. नोंद चारची करावी. हा आकडा कदाचित खऱ्यापेक्षा कमी असेल, पण दरवेळी एकाच रीतीने कमी असेल, आणि तुलनेसाठी तेवढे पुरते.

वर्तुळाबाहेरचे आणि डोक्यावरून नुसते उडून जाणारे पक्षी वेगळ्या रकान्यात जातात. दक्षिणेकडे सरळ जाणाऱ्या भिंगऱ्या हे त्यांत सर्वांत महत्त्वाचे. त्यांची दिशा लिहावी. तारेवर बसलेल्या किंवा तळ्यावर गिरट्या घालणाऱ्या भिंगऱ्यांना दिशा नसते, तिथे ‘चरत’ असे लिहावे.

कान उघडे ठेवावेत, पण गाण्याची वाट पाहू नये. ‘गाणारे पक्षी’ हे नाव असले तरी शरदात आलेले पाहुणे क्वचितच गातात. मिळतात ते तुटक आवाज. झुडपातून ‘टक्, टक्’ असा दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज आला तर बोरू वटवट्या असण्याची शक्यता मोठी. बाभळीतून कोरडी ‘टर्र्र’ आली तर तांबुला, म्हणजे लाल गळ्याचा माशीमार. या दिवसांत दिसणाऱ्या बहुतेक तांबुल्यांचा गळा लाल नसतोच. माद्या आणि यंदाची पिल्ले फिकट असतात, तेव्हा शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना असलेले पांढरे ठिपके पाहावेत. सरळ वर उठून ‘झीप’ करत जाणारी तिरचिमणी झाडावर जाऊन बसली, तर ती बहुधा वृक्ष तिरचिमणी असते. धान तिरचिमणी सहसा जमिनीवरच उतरते.

*खबरदारी:* फोनवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढू नये. रात्रभर उडून आलेल्या पक्ष्याला तो वेळ खाण्यासाठी लागतो, आणि वाजवलेल्या आवाजाने आलेला पक्षी मोजणीत धरताही येत नाही. आवाज ओळखणारे ॲप जवळ ठेवायला हरकत नाही; मात्र त्याने नाव दाखवले म्हणून नोंद करू नये, आवाज स्वतः ऐकून पटला तरच करावी.

७. पाहुणा कोण, घरचा कोण

तक्त्यात ‘धोबी ४०’ असे येते तेव्हा त्यातले कितीजण बाहेरून आले हे विचारले की उत्तर मिळत नाही. चार-पाच जोड्या पक्क्या केल्या तर निम्मे काम होते.

मोठा धोबी बारमाही इथलाच. डोके काळे आणि त्यावर ठळक पांढरी भुवई. पांढऱ्या धोब्याचा चेहराच पांढरा असतो, तो पाहुणा. करडा धोबी सप्टेंबरपासूनच येऊ लागतो, पोट पिवळे, शेपटी लांब, आणि तो बहुधा वाहत्या पाण्यापाशी एकटा असतो. पिवळे धोबी थव्याने येतात आणि गुरांच्या पायांत फिरतात. शरदातील पिल्ले इतकी फिकट असतात की पिवळ्या डोक्याच्या धोब्याशी गल्लत होते. तिथे ‘धोबी, पिवळ्या गटातील’ एवढेच लिहावे.

कवड्या गप्पीदास इथला. नर काळाभोर, पंखावर पांढरा डाग. हिवाळी गप्पीदास फिकट, नारिंगी छातीचा, पाठ फिकट रेघांची. तारवाली भिंगरी इथली. टोपी तांबडी आणि गळ्यापासून खाली सगळे पांढरे. पाहुण्या माळभिंगरीचा गळा तांबडा आणि त्याखाली काळपट पट्टा, पण यंदाच्या पिल्लांचा गळा फिका असतो आणि शेपटीच्या तारा आखूड. अशा वेळी पट्टाच पाहावा. लालबुडी भिंगरी मात्र इथेही घरटी करते आणि बाहेरूनही येते, त्यामुळे तिला ‘स्थलांतरित’ म्हणून मोजूच नये, वेगळी ठेवावी.

वटवट्यांत राखी वटवट्या आणि शिंपी हे घरचे. दोघेही शेपटी उभी करून झुडपात तळाशी वावरतात. वर शेंड्याकडे फिरणारा हिरवट पक्षी पाहुणा असण्याचीच शक्यता जास्त. काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा भारीट यांच्या माद्या मैदानात वेगळ्या करणे जवळजवळ अशक्य आहे. ‘भारीट, मादी’ लिहिणाऱ्याला मी जास्त मानतो.

‘अनोळखी’ हा रकाना प्रत्येक कागदावर हवा. माझ्या कागदांवर त्यात दर सकाळी काही ना काही असतेच. ज्याच्या कागदावर तो कायम रिकामा असतो, त्याच्या बाकीच्या नोंदींकडे मी जरा सावधपणे पाहतो.

८. नोंद

शेवटचे ठिकाण संपले की तिथेच बसून पाचही कागद पुरे करावेत: सुरुवात, शेवट, माणसे किती, ढग, वारा, गडबड (गोफण, ट्रॅक्टर, कुत्री). त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत ईबर्डवर भरावे.

भरताना रातथाऱ्याची यादी वेगळी आणि प्रत्येक ठिकाणाची यादी वेगळी करावी. एका जागी उभे राहून, तीस मीटरपेक्षा जास्त न हलता केलेली मोजणी ‘स्थिर’ प्रकारात जाते. दोन ठिकाणांमध्ये चालताना दिसलेले पक्षी कोणत्याच यादीत घालू नयेत. संख्येच्या जागी ‘एक्स’ टाकण्याची सोय आहे, पण तिचा अर्थ ‘पक्षी होता, मोजला नाही’ असा होतो. मोजणीला गेलेल्याने ती वापरायचे कारणच नाही. ओळखलेले सर्व पक्षी, कावळे-साळुंक्यांसह, यादीत असतील तरच ती ‘पूर्ण’ म्हणून नोंदवावी. फक्त पाहुणे लिहिले असतील तर ‘अपूर्ण’.

सर्वांत जास्त सुटणारी नोंद शून्याची असते. माळावरच्या ठिकाणी एकही स्थलांतरित दिसला नाही, तरी ती यादी भरायचीच. न भरलेली यादी आणि रिकामी सकाळ यांत पुढे कोणालाही फरक करता येत नाही.

९. पुन्हा पुन्हा

एक सकाळ म्हणजे एक ठिपका. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला एकदा, त्याच पाच ठिकाणी, त्याच क्रमाने जावे. क्रम बदलला तर पाचवे ठिकाण कधी पक्षी बोलते असताना आणि कधी उन्हात मोजले जाते. अखेरच्या खेपा ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात येतात. त्या दिवसांत बरोबर नवी माणसे असतात. त्यांना वेगळी दुर्बीण द्यावी आणि मोजणाऱ्यापासून दहा पावले मागे उभे करावे. त्यांनी दाखवलेला पक्षी तुम्ही स्वतः पाहिला नसेल, तर तो शेऱ्यात लिहावा, आकड्यात नाही.

मध्येच एखादी बाभूळ तोडली गेली, तळे आटले किंवा बांधावर शेड उभी राहिली, तर ठिकाण हलवू नये. तिथेच उभे राहून मोजावे आणि बदल तारखेसह लिहावा. गेल्या वर्षी माझ्या चौथ्या ठिकाणची बाभूळ अशीच गेली; त्या कागदावर आता खोडाच्या जागी एक फुली आहे, आणि तिच्याभोवती पंधरा मिनिटांत एक नकल्या खाटीक.